तकाफुल, म्हणजे शरियाला चालणारा सामायिक विमा, भारतात मिळतं का? नसेल तर धुळ्यातल्या छोट्या कारखानदारानं आग-पुराचं काय करावं?

मागवाला_धुळे यांचा प्रश्न:

आमच्या भागात साठेक छोटे कारखाने आहेत. बहुतेक यंत्रमाग, काही फॅब्रिकेशनवाले, थोडे प्लास्टिक दाण्याचे आणि फर्निचरचे. मालक बरेचसे मुस्लिम. संघटनेच्या बैठकीत विम्याचा विषय घ्यायचा आहे, त्यासाठी माहिती हवी आहे. सध्या ज्यांचं बँकेत सीसी (कॅश क्रेडिट कर्जाचं) खातं आहे त्यांचाच विमा आहे, तोही बँकेनं काढलेला. पॉलिसीचा कागद बहुतेकांनी पाहिलेला नाही. बाकीचे विनाविमा.

कारणं विचारली की तीन उत्तरं येतात. पहिलं, विमा म्हणजे सूद आणि जुगार, जायज नाही. दुसरं, हप्ता वाया जातो. तिसरं, क्लेम कधी पास होत नाही.

तर विचारायचं हे:
तकाफुल म्हणजे नक्की काय आणि भारतात कोणी देतं का? देत नसेल तर का नाही? संघटनेनं महिना ५०० रुपये गोळा करून स्वतःचा फंड केला तर चालेल का? आणि ज्यांना साधा विमा घ्यायचाच आहे त्यांनी काय बघून घ्यावा? कृपया जाहिरात नको, एजंटांनी क्षमा करावी.

---

रिस्क_डेस्क:

मागवाले भाऊ, पहिल्या दोन प्रश्नांपुरतं लिहितो.

नेहमीच्या विम्यावर फिकहचे, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राचे, आक्षेप तीन: रिबा म्हणजे व्याज, कारण कंपनी हप्त्याचा पैसा रोख्यांत आणि ठेवींत ठेवते. घरर म्हणजे सौद्यातली अनिश्चितता, कारण हप्ता ठरलेला असतो पण बदल्यात काय आणि कधी मिळेल ते ठरलेलं नसतं. आणि मैसिर, म्हणजे जुगार. जेद्द्याच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीनं १९८५ साली व्यापारी विमा नाजायज आणि सहकारी तत्त्वावरचा विमा जायज, असा ठराव केला. तकाफुलचा पाया तो. पहिली कंपनी त्याआधीच, १९७९ मध्ये सुदानात निघाली होती. मलेशियानं १९८४ मध्ये तकाफुलचा स्वतंत्र कायदा केला.

रचना अशी असते. तुम्ही भरता तो हप्ता नाही, तबर्रु आहे, म्हणजे सभासदांच्या सामायिक निधीला दिलेली देणगी. निधी सभासदांचा. कंपनी फक्त चालक. वकाला पद्धतीत चालक आपली फी आधीच ठरवून घेतो. आकडे निव्वळ उदाहरणाचे: १२,००० रुपये भरले, फी ३० टक्के, तर ३,६०० चालकाचे आणि ८,४०० निधीत. क्लेम, राखीव रक्कम, री-तकाफुल (निधीनं स्वतःसाठी पुढे उतरवलेलं संरक्षण) सगळं त्या ८,४०० तून. वर्षाअखेर उरलं तर ते सभासदांचं. कमी पडलं तर चालक आपल्या भांडवलातून कर्ज-ए-हसना देतो, बिनव्याजी, आणि पुढच्या वर्षांच्या शिलकीतून ते फेडून घेतो. दुसरी पद्धत मुदारबा. तीत चालक फीऐवजी गुंतवणुकीच्या नफ्यात वाटा घेतो. बऱ्याच ठिकाणी दोन्हींचं मिश्रण चालतं. गुंतवणूक सुकूक (मालमत्तेवर आधारलेले, व्याज नसलेले रोखे), शरिया निकषात बसणारे शेअर, मालमत्ता यांत. वर शरिया मंडळ.

ऐकायला गोड आहे, पण दोन गोष्टी कोणी सांगत नाही. एक, शिल्लक परत मिळेलच असं नाही, आणि मिळाली तरी किती हे त्या त्या देशाच्या नियमावर. सौदीत २००३ च्या कायद्याखालच्या नियमांत शिलकीचा १० टक्के भाग विमाधारकांना आणि ९० टक्के भागधारकांना, असं वाटप आहे. त्याला सहकारी म्हणायचं का यावर तिथल्याच अभ्यासकांत वाद आहे. दोन, जळालेल्या मालाचं मोजमाप तकाफुलमध्येही तसंच होतं. सर्व्हेअर येतो, बिलं मागतो, कमी रकमेचा विमा असेल तर कापतो. तुमच्या यादीतला तिसरा आक्षेप, क्लेमचा, तकाफुल आलं म्हणून जाणार नाही.

भारतात तकाफुलचा परवाना असलेली एकही कंपनी नाही. मनाई करणारं वेगळं कलम नाही, पण चौकटच अशी आहे की ते बसत नाही. विमा व्यवसायाला १९३८ च्या कायद्याखाली नोंदणी लागते, किमान भरणा भांडवल १०० कोटी. जनरल विमा कंपनीला गुंतवणुकीतला किमान २० टक्के भाग केंद्र सरकारच्या रोख्यांत आणि राज्यांचे वगैरे रोखे धरून किमान ३० टक्के ठेवावाच लागतो. रोखे म्हणजे व्याज. गाडं तिथेच अडतं. म्हणून कोणी धुळ्यात किंवा मालेगावात ‘हलाल विमा’ म्हणून पावती फाडत असेल तर त्याच्याकडे आयआरडीएआयचा, म्हणजे विमा नियामकाचा, नोंदणी क्रमांक मागा. तो नसणारच. हलाल नफ्याच्या नावाखाली काय होतं ते २०१९ मध्ये बंगळुरूच्या आयएमए या गुंतवणूक कंपनीच्या घोटाळ्यात हजारो घरांनी पाहिलं आहे.

---

नुकसानमापक:

साध्या विम्याबद्दल. १ एप्रिल २०२१ पासून छोट्या धंद्यांसाठी ठरावीक शब्दांची पॉलिसी आहे: भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा. एका ठिकाणची इमारत, यंत्रं, माल मिळून ५ कोटींपर्यंत. त्यावर ५० कोटींपर्यंत भारत लघु उद्यम सुरक्षा. सरकारी चार कंपन्या असोत की खासगी, मूळ शब्द एकच, त्यामुळे तुलना फक्त दराची आणि सेवेची करायची. आग, स्फोट, वीज पडणं, भूकंप, वादळ, पूर, दंगल-तोडफोड हे आतच आहे. पांझरेकाठच्या लोकांना पुरासाठी वेगळं काही घ्यावं लागत नाही, हे बैठकीत मोठ्यानं सांगा.

क्लेम कापला जातो तो बहुतेक वेळा रकमेमुळे. हिशेब बघा. कारखान्यात माल-यंत्रं ४० लाखांची, विमा २५ लाखांचा, कारण बँकेनं कर्जाएवढाच काढला. आगीत ८ लाखांचं नुकसान. मालकाला वाटतं, २५ चा विमा आहे, ८ मिळतील. मिळतात ५, कारण ८ गुणिले २५ भागिले ४०. या पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ आहे, म्हणजे ४० च्या जागी ३४ चा विमा असता तर कपात शून्य. ‘क्लेम पास होत नाही’ म्हणणाऱ्यांत असे निम्मे-अर्धे मिळालेले पुष्कळ असतात. वजावट, म्हणजे एक्सेस, प्रत्येक क्लेममधली आपण सोसायची रक्कम, वेगळी असते. ती पॉलिसीच्या पहिल्या-दुसऱ्या पानावर लिहिलेली असते, वाचा.

यंत्रं आजच्या नव्या किमतीनं लिहायची, खात्यातल्या घसारा वजा किमतीनं नाही. मागाची पुस्तकी किंमत कधीच भंगाराएवढी झालेली असते. तयार माल विक्रीच्या भावानं नाही, खर्चाच्या भावानं.

आता यंत्रमागाचा खास मुद्दा. तुमच्यातले बरेच जण मजुरीवर कापड विणतात. सूत व्यापाऱ्याचं, कारखान्यात पडलेलं तुमच्याकडे. असा परक्याचा माल पॉलिसीत ‘विश्वासावर ठेवलेला माल’ म्हणून स्पष्ट लिहिलेला नसेल तर तो धरला जात नाही. आग लागली की तुमच्या मागांचे पैसे येतात आणि व्यापारी सुताचे पैसे तुमच्याकडे मागतो. प्रस्तावात एक ओळ घाला: मजुरीसाठी आलेलं सूत व कापड, जास्तीत जास्त अमुक रकमेचं. आणि जॉबवर्कची चलनं जपा, तोच पुरावा.

शॉर्टसर्किटबद्दल गैरसमज फार आहे. ज्या मोटरीत किंवा पॅनेलमध्ये शॉर्ट झालं, ती वस्तू वगळली जाते. तिथून पसरलेल्या आगीचं बाकी नुकसान मिळतं. ‘शॉर्टसर्किट लिहू नका, क्लेम जाईल’ हा सल्ला देणारा तुमचं नुकसान करतोय. अग्निशमन दलाच्या अहवालात एक आणि तुमच्या अर्जात दुसरं आलं की संशय तिथून सुरू होतो.

मंदीत माग बंद ठेवता ना? सलग ३० दिवसांहून जास्त जागा बंद राहणार असेल तर आधी कंपनीला लेखी कळवून मान्यता घ्या. बंद कुलपामागे लागलेल्या आगीत हा मुद्दा हमखास निघतो. चोरी या पॉलिसीत जवळजवळ नाहीच. फक्त आग-पुरानंतर सात दिवसांच्या आत झालेली. नेहमीच्या चोरीला बर्गलरी पॉलिसी वेगळी, तीही कुलूप-भिंत फोडून आत शिरल्याच्या खुणा असतील तरच.

क्लेमच्या वेळी: लगेच कळवा, फोनवर आणि ईमेलवर दोन्हीकडे. दलाचा अहवाल, पोलीस पंचनामा. राख आणि जळका माल सर्व्हेअर पाहीपर्यंत हलवू नका, वाचलेला मात्र बाजूला करून झाका, तो भिजू दिला तर तेवढे पैसे कापले जातात. २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे कळवल्यावर २४ तासांत सर्व्हेअर, १५ दिवसांत त्याचा अहवाल, आणि त्यानंतर ७ दिवसांत कंपनीचा निर्णय अपेक्षित आहे. अडतं ते कागदांवर. खरेदीची बिलं, जीएसटी विवरणं, स्टॉक रजिस्टर यांच्या प्रती कारखान्याच्या बाहेर हव्यात. आपल्याकडे म्हणतात तसं, आग लागनी का मंग कागद धुंडतस.

---

मागवाला_धुळे:

दोघांचे आभार. सुताचा मुद्दा कोणाच्याच डोक्यात नव्हता. फंडाबद्दल कोणी सांगेल का? लोकांचा ओढा तिकडेच आहे, कारण तो आपला, त्यात सूद नाही.

---

खातेवही:

फंडाचा हिशेब कागदावर मांडा, मग बैठकीत बोला. ६० सभासद, ५०० रुपये, १२ महिने: वर्षाला ३ लाख ६० हजार. सगळे वेळेवर देतील हे धरून. २० लाखांची एकच आग म्हणजे साडेपाच वर्षांची जमा. आणि ती दुसऱ्याच महिन्यात लागली तर फंडात ३० हजार असतील.

त्याहून वाईट म्हणजे तुमचे साठही कारखाने एकाच वस्तीत आहेत. भिंतीला भिंत. एका शेडमधली आग तीन शेडमध्ये जाते, आणि पूर आला तर अर्ध्या गल्लीत येतो. विमा चालतो तो एकाचं नुकसान दुसऱ्याच्या नुकसानीबरोबर होत नाही म्हणून. इथे नेमकं उलट. कंपनी असल्या एकगठ्ठा जोखमीचा पुनर्विमा काढते, म्हणजे स्वतःचा विमा दुसऱ्या कंपनीकडे उतरवते, तुमच्या संघटनेला कोणी पुनर्विमा देणार नाही.

कायद्याची बाजू. ‘इतके भरा, आग लागल्यास इतके देऊ’ असं लिहून दिलं की तो विमा करार झाला, आणि नोंदणीशिवाय विमा धंदा करता येत नाही. ‘तीन वर्षांनी पैसे परत’ म्हटलं तर अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा २०१९ चा कायदा लागू होऊ शकतो. दोन्ही वाक्यं पावतीवर, व्हॉट्सॲपवर, कुठेच नकोत.

चालेल असं रूप एकच दिसतं: महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला ट्रस्ट. वर्गणी परत न मिळणारी. मदत समितीच्या मर्जीवर, हक्क म्हणून नाही, हे घटनेत लिहिलेलं. आणि मदतीला कमाल मर्यादा: समजा एका घटनेला ४० हजार, आणि कोणत्याही वेळी फंडातल्या शिलकीच्या चौथ्या हिश्शाहून जास्त नाही. त्यावर लागलं तर बिनव्याजी कर्ज, दोन जामीनदारांसह. असा फंड आगीचं नुकसान भरून काढत नाही. पण क्लेम येईपर्यंतचे कामगारांचे पगार, वजावटीची रक्कम, वायरिंग पुन्हा करायचा खर्च एवढं निभावतो. विमा आणि फंड एकमेकांच्या जागी बसत नाहीत, जोडीनं चालतात.

पैसा ठेवायचा कुठे, हा वाद नक्की होणार. शरिया निकषांवर चालणारे म्युच्युअल फंड भारतात आहेत, पण ते शेअरचे. बाजार पडलेला असताना आग लागली तर अडचण दुप्पट. आपत्तीचा पैसा चालू खात्यात ठेवा, त्यावर व्याज नसतं, प्रश्नच मिटतो. सह्या तिघांच्या, त्यातला एक तरी पदाधिकारी नसलेला.

जाता जाता: आगीच्या विम्याच्या हप्त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. तुमची नोंदणी नेहमीच्या योजनेत असेल तर त्याचं इनपुट क्रेडिट मिळतं, म्हणजे तो तुमच्या जीएसटीतून वजा होतो; कंपोझिशनमध्ये (छोट्यांच्या ठोक कराच्या योजनेत) असेल तर नाही. दर विचारताना ‘जीएसटी धरून की सोडून’ हे विचारा.

---

केळी_सावदा:

एक बोलू का? विमा न काढणं ही काही फक्त मुस्लिम कारखानदाराची गोष्ट नाही. जळगावच्या डाळ मिलवाल्यांत, चटईवाल्यांत, नंदुरबारच्या मिरचीवाल्यांत विचारा. धर्माचं कारण तिथे नाही, तरी विमा बँकेपुरताच. तुमच्याकडे पहिलं उत्तर ‘जायज नाही’ येतं, आमच्याकडे थेट तिसरं येतं. खालचं दुखणं एकच आहे, कंपनीवर भरवसा नाही. तो फतव्यानं येणार नाही.

रावेर-सावद्याहून दिल्लीकडे जाणाऱ्या केळीच्या गाड्यांचा ट्रान्झिट विमा घेतात, आणि माल पिकून काळा पडला की क्लेम करतात. नाकारला जातो आणि मग ‘विमा म्हणजे फसवणूक’ हे गावभर होतं.

---

नुकसानमापक:

केळीवाले आबा, अगदी तेच. वाहतूक विम्यात उशिरामुळे झालेलं नुकसान आणि मालाच्या स्वभावातच असलेला नाश, दोन्ही वगळलेले असतात. गाडी उलटली, जळाली तर मिळतं. घाटात दोन दिवस अडकली म्हणून केळी पिकली तर नाही. हे विकतानाच सांगितलं तर निम्मी भांडणं होणार नाहीत. कापसाचं मात्र पॉलिसीवर अवलंबून: गंजीत आतल्या आत तापून लागलेली आग भारत सूक्ष्म आणि लघु उद्यम सुरक्षेत मूळ पॉलिसीतच धरतात, जुन्या धर्तीच्या आग पॉलिसीत त्यासाठी वेगळं ॲड-ऑन (जादा कलम) घ्यावं लागतं. जिनिंगवाल्यांनी आणि सरकी-पेंडवाल्यांनी हे विसरू नये.

---

दारुल_मुताला:

केळीवाले भाऊंचं निम्मं पटलं. भरवसा हा मुद्दा आहेच, पण ‘जायज नाही’ हे सगळ्यांच्या बाबतीत निमित्त नसतं, काहींच्या मनाला खरंच टोचतं. त्यांना ‘चालतं हो, सगळे घेतात’ म्हणून उडवून लावलं तर ते बैठकीत गप्प बसतील आणि विमा घेणार नाहीत. फिकहची बाजू थोडक्यात.

उलेमांचं एकमत नाही. बहुसंख्य व्यापारी विम्याला मूळ हुकूम म्हणून नाजायजच मानतात. मात्र कायद्यानं सक्ती असेल तर माणूस मजबूर समजला जातो. वाहनाचा थर्ड पार्टी विमा मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ नं सक्तीचा आहे, म्हणून तो घ्यायला हरकत नाही असं सांगितलं जातं, आणि पुष्कळ लोक तेवढाच घेतात, स्वतःच्या गाडीचं नुकसान भरणारा भाग सोडतात. भारतातल्या काही उलेमांनी दंगलींत दुकानं-कारखाने जळण्याचा धोका धरून जान-मालाच्या विम्याला गरज म्हणून मुभा दिली आहे. काही अजूनही देत नाहीत. आलेल्या क्लेमबद्दलही दोन मतं: काही म्हणतात, भरलेल्या हप्त्यांएवढीच रक्कम आपली, वरची सवाबच्या (पुण्याच्या) हेतूशिवाय गरिबांना द्यावी. काही म्हणतात, प्रत्यक्ष नुकसानीएवढी घेता येते.

म्हणून ‘विमा जायज आहे का’ असं मोघम विचारू नका, उत्तरही मोघम येईल. आपल्या मुफ्तींना लेखी प्रश्न द्या आणि त्यात हे लिहा: फक्त आगीचा-पुराचा विमा, आयुर्विमा किंवा बचत योजना नाही. वर्षाचा करार, शेवटी काही परत मिळत नाही. नुकसानीहून जास्त रक्कम कंपनी देतच नाही. कारखाना दाट वस्तीत आहे. दुसऱ्याचं सूत आपल्या ताब्यात अमानत म्हणून आहे. भारतात तकाफुल उपलब्ध नाही. शेवटच्या दोन बाबी फार महत्त्वाच्या, कारण पर्याय आहे की नाही यावर गरजेचा हुकूम ठरतो, आणि अमानतीची जबाबदारी वेगळी असते.

बँकेच्या कर्जाबरोबर आलेल्या विम्याचा प्रश्न वेगळा विचारा. तिथे आधी व्याजाच्या कर्जाचा मुद्दा येतो, दोन्ही एकत्र केले तर गुंता होतो.

---

मागवाला_धुळे:

हा प्रश्न असाच्या असा टाइप करून देतो. एक राहिलं. बँकेनं काढलेल्या पॉलिसीत रक्कम वाढवता येते का, की नवी घ्यायची? आणि क्लेम नाकारला तर आम्ही कोर्टात जाणारे लोक नाही.

---

नुकसानमापक:

वाढवता येते. कंपनीला लेखी अर्ज, उरलेल्या दिवसांचा जादा हप्ता, आणि बदलाचं पत्र म्हणजे एन्डॉर्समेंट हातात घ्या. ते येईपर्यंत जुनीच रक्कम लागू. त्याच पत्रात पत्ताही तपासा: शेड क्रमांक चुकला किंवा माल शेजारच्या गाळ्यात ठेवला तर ‘विमा या जागेचा नाही’ असं उत्तर येतं. दोन गाळ्यांत माल फिरत असेल तर फ्लोटर, म्हणजे दोन्ही जागांचा मिळून एकच विमा, मागा. बँकेच्या पॉलिसीत बँकेचं कलम असतं, म्हणजे क्लेमचा पैसा आधी कर्जखात्यात जातो. तेही लोकांना आधी माहीत हवं.

नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही तर विमा लोकपाल. एकल मालकीचे धंदे आणि सूक्ष्म उद्योग त्यांच्याकडे जाऊ शकतात, ५० लाखांपर्यंत, फी नाही, वकील लागत नाही. कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत जायचं. धुळे-जळगाव-नंदुरबारसाठी पुण्याचं कार्यालय. उद्यम नोंदणीचं प्रमाणपत्र जोडा, सूक्ष्म उद्योग असल्याचा तोच पुरावा. साठांपैकी किती जणांकडे ते आहे, हे बैठकीच्या आधी मोजून ठेवा.

आणि विमा घ्या अथवा नका घेऊ, मागाखालचा कापूस-तंतूंचा थर रोज झाडा, आठवड्याला मोटरी आणि पॅनेलवरचा. सहा किलोचं एबीसी अग्निशामक असं टांगा की कुठूनही १५ मीटरच्या आत पोचता येईल. त्याच्या दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का ते महिन्याला बघा. सुताच्या पेट्या जमिनीपासून वीतभर उंच फळीवर.